भोर घाटातील रेल्वेबांधणी आणि बांधकाम मजुरांच्या सुरक्षिततेचा प्रश्न (१८५६ ते १८६३)

प्रस्तावना

भारतातील रेल्वेचा इतिहास सांगताना १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या गाडीचा उल्लेख आवर्जून केला जातो. त्या मानाने भोर घाटातील रेल्वेबांधणीची चर्चा कमी होते, आणि जी होते ती प्रामुख्याने अभियांत्रिकी कौशल्याच्या अंगाने होते. २५ बोगदे, ८ मोठे कमानी पूल, १,८३१ फुटांची चढण आणि १५ मैल ६८ चेन लांबीचा मार्ग हे आकडे ग्रंथांतून पुन्हा पुन्हा येतात. परंतु हा घाट ज्यांनी फोडला त्या मजुरांचे काय झाले, त्यांच्या जीविताच्या रक्षणाची जबाबदारी कोणाची होती आणि ती कोणी घेतली काय, हे प्रश्न मराठीतील इतिहासलेखनात अभावानेच विचारले गेले आहेत.

बांधकामाच्या जागी काम करणाऱ्या मजुराची सुरक्षितता हा विषय आज कामगार कायदा, अभियांत्रिकी आणि सार्वजनिक आरोग्य या शाखांच्या कक्षेत येतो. त्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा अध्याय सह्याद्रीच्या कड्यावर घडला आहे. प्रस्तुत शोधनिबंधात त्या अध्यायाचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) भोर घाटातील रेल्वेबांधणीच्या काळातील मजुरांच्या कामाचे व राहणीचे स्वरूप अभ्यासणे.
२) मजुरांच्या मृत्यूची कारणे आणि त्यामागील ठेकेदारी व्यवस्था यांचा संबंध तपासणे.
३) या अनुभवानंतर झालेल्या कायद्यांमध्ये मजुराच्या सुरक्षिततेला कोणते स्थान मिळाले याचा मागोवा घेणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. घाटाच्या कामाचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले यांनी १८६० मध्ये लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे वाचलेला निबंध, इयन केर यांचा भारतीय रेल्वेच्या बांधणीवरील १९९५ मधील ग्रंथ आणि तत्कालीन व नंतरचे कामगार कायदे यांतील माहितीचा आधार घेऊन विवेचन केले आहे.

१. घाटातील कामाचे स्वरूप

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात १७ ऑगस्ट १८४९ रोजी करार झाला. या करारानुसार भागभांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी सरकारने दिली. भांडवल गुंतवणाऱ्याची जोखीम अशा प्रकारे प्रारंभीच दूर करण्यात आली, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

खंडाळा ते पुणे हा मार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. घाटाखाली खोपोलीपर्यंत रेल्वे त्यापूर्वीच पोहोचली होती. मधला घाट मात्र प्रवाशांना पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने पार करावा लागे. हा तुटलेला दुवा जोडण्याचे काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले होते. त्याचा ठेका विल्यम फ्रेडरिक फॅव्हिएल यांना मिळाला होता. मुंबई-ठाणे मार्गाच्या ठेक्यातही ते भागीदार होते.

सह्याद्रीचा खडक हा काळा, कठीण बेसाल्ट. तो फोडण्यासाठी पहार, घण, छिन्नी आणि सुरुंगाची दारू एवढीच साधने उपलब्ध होती. डायनामाइटचा शोध अद्याप लागलेला नव्हता. काही ठिकाणी कडा इतका उभा होता की, पाय ठेवण्यापुरती खोबण कोरण्यासाठी मजुरांना वरून दोराने खाली सोडावे लागे. दोराला लोंबकळत एका हाताने पहार धरावयाची आणि दुसऱ्याने घाव घालावयाचा, असे ते काम होते. दोर तुटला अथवा वरचा दगड निखळला तर खाली दरीच होती. डोंगराच्या उभ्या चढणीमुळे अनेक बोगद्यांना वरून विहिरीसारखे झरोके पाडणे शक्य नव्हते. बोगदा दोन्ही तोंडांकडूनच पोखरत जावा लागे. परिणामी सुरुंगाचा धूर आतच कोंडून राही आणि त्याच हवेत पुढची पाळी काम करी. पावसाळ्याचे चार महिने उघड्यावरील काम बंद पडे. बोगद्यांतील काम मात्र चालू राही.

या कामावर देशावरील व कोकणातील शेतकरी कुटुंबे सुगीनंतर येत असत. खोदकाम व दगडकाम हाच पिढीजात व्यवसाय असलेले वडार, तसेच पाथरवट आणि गवंडी हेही त्यांत होते. काम बहुतांशी उक्ते दिले जाई. पुरुषाने खणावे, स्त्रीने पाटी वाहावी आणि मुलांनी हाताशी राहावे अशी कुटुंबाची विभागणी असे. १८६१ मध्ये या एकाच घाटात ४२,००० माणसे कामावर होती. त्या काळी महाराष्ट्रातील अनेक शहरांची लोकसंख्याही एवढी नव्हती.

२. मृत्यूची कारणे : कामाची जागा आणि वस्तीची जागा

भोर घाटात किती मजूर मरण पावले याची अधिकृत मोजदाद कोणीही केली नाही. सुमारे आठ वर्षांच्या कालावधीत अंदाजे २५,००० मृत्यू झाले असावेत, असा अंदाज अभ्यासकांच्या लेखनात येतो. हा आकडा स्थूल आहे. तथापि, बोगद्यांची संख्या, दगडी बांधकामाचे घनफळ आणि चढणीचे प्रमाण काटेकोरपणे नोंदवणाऱ्या यंत्रणेने माणसांचे मृत्यू मोजले नाहीत, ही वस्तुस्थिती त्या आकड्याइतकीच बोलकी आहे. जे मोजले जाते त्याची कोणाला तरी किंमत द्यावी लागते. मजुराच्या मृत्यूची किंमत कोणालाच द्यावयाची नव्हती.

या मृत्यूंचे विश्लेषण करताना एक बाब प्रकर्षाने पुढे येते. सुरुंगाचे स्फोट, दरडी कोसळणे, कड्यावरून पडणे यांमुळे मृत्यू झालेच. परंतु सर्वांत मोठा संहार पटकी, हगवण आणि ताप यांनी केला. म्हणजेच मजूर जिथे काम करीत होता त्या जागेपेक्षा तो जिथे राहत होता ती जागा अधिक प्राणघातक ठरली. चाळीस हजार माणसांचा तांडा घाटाच्या अरुंद सपाट्यांवर गवत-पाल्याच्या झोपड्यांत राही. उन्हाळ्यात ओढे आटत आणि उरलेल्या डबक्यांतून पिणे, धुणे व जनावरांचे पाणी हे सर्व चाले. १८५९-६० च्या हंगामात पटकीची साथ विशेष तीव्र होती. साथ पसरली की माणसे काम सोडून गावाकडे पळत, आणि काही प्रमाणात रोगही त्यांच्याबरोबर गावोगाव जाई.

येथे एक आक्षेप घेतला जाऊ शकतो. पटकीचा प्रसार दूषित पाण्यातून होतो हे लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी १८५४-५५ च्या सुमारास दाखवून दिले असले, तरी वैद्यकविश्वाने ते तेव्हा सर्वमान्य केले नव्हते. तेव्हा जे ज्ञात नव्हते त्याबद्दल अभियंत्यांना व ठेकेदारांना दोष कसा द्यावा? हा आक्षेप रोगकारणापुरता ग्राह्य आहे. परंतु दाट व गलिच्छ वस्ती, अपुरा निवारा आणि उपचारांचा अभाव यांमुळे रेल्वेबांधणीवरील मजूर मोठ्या संख्येने मरतात, हे ब्रिटिश राज्यकर्त्यांना पूर्वीच माहीत झाले होते.

इंग्लंडमधील वुडहेड बोगद्याचे काम १८३९ ते १८४५ या काळात झाले. तेथे ३२ मजूर ठार व १४० गंभीर जखमी झाल्याची नोंद झाली. एडविन चॅडविक यांनी १८४६ मध्ये ही हकिगत जनतेपुढे मांडली आणि तेथील हानीच्या प्रमाणाची तुलना मोठ्या लढायांतील सैनिकांच्या हानीशी केली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने रेल्वे मजुरांविषयी प्रवर समिती नेमली. मजुराच्या अपघाताची आर्थिक जबाबदारी काम करवून घेणाऱ्यावर टाकावी, अशा आशयाची शिफारस तिने केली. संसदेने ती अमलात आणली नाही. तथापि, भोर घाटात पहिली पहार मारली गेली त्याच्या दहा वर्षे आधी प्रश्न ज्ञात होता आणि त्यावरील उपायही कागदावर होता, हे यावरून स्पष्ट होते. घाटात जे घडले ते निव्वळ अज्ञानातून घडले, असे म्हणता येत नाही.

३. ठेकेदारीची उतरंड आणि जबाबदारीचा लोप

ही जबाबदारी कोणाची होती, असे विचारल्यास उत्तर सहजी मिळत नाही. आणि यातच या व्यवस्थेचे मर्म आहे. सरकारने व्याजाची हमी कंपनीला दिली. कंपनीने काम ठेकेदाराला दिले. ठेकेदाराने ते पोटठेकेदारांना वाटले. पोटठेकेदाराने मुकादमाशी व्यवहार ठरवला आणि मुकादमाने गावाकडून माणसे उचल देऊन आणली. पैसा वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर काही अंशी झिरपत असे. जबाबदारी मात्र खालून वर जातच नसे. मजूर मेला तर तो मुकादमाचा माणूस होता. कंपनीच्या पुस्तकात त्याचे नावच नव्हते.

या उतरंडीचा पहिला स्फोट वेतनाच्या प्रश्नावर झाला. थकलेल्या मजुरीवरून जानेवारी १८५९ मध्ये घाटातील मजुरांनी उठाव केला आणि युरोपीय देखरेख्यांशी त्यांचा हिंसक संघर्ष झाला. सरकारला चौकशी करावी लागली. मार्च १८५९ मध्ये फॅव्हिएल यांनी ठेका सोडला. त्यानंतर सॉलोमन ट्रेडवेल यांना ठेका मिळाला. परंतु भारतात आल्यानंतर अल्पावधीतच तेही रोगाला बळी पडले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी ठेका स्वतःकडे ठेवून अ‍ॅडमसन व क्लाउझर या अनुभवी अभियंत्यांच्या हाती कामाचे व्यवस्थापन सोपवले आणि १८६३ मध्ये काम तडीस नेले. ट्रेडवेल यांचा मृत्यू इतिहासात नोंदला गेला. घाटातील दूषित परिस्थितीने ठेकेदार आणि मजूर असा भेद केला नाही. भेद केला तो नोंदवहीने.

या सर्व काळात सुरक्षिततेचा विचार झालाच नाही असे मात्र नाही. उतार १:३७ पेक्षा तीव्र नसावा, गाडीने दिशा बदलण्यासाठी खंडाळ्याजवळ उलटस्थानक असावे, उतारावर गाडीचा ताबा सुटल्यास तिला थोपवण्याची व्यवस्था असावी, याचा बारकाईने विचार झाला. पण ही सुरक्षितता गाडीची, मालाची आणि प्रवाशांची होती. ती बांधणाऱ्याची नव्हती. घाईने झालेल्या कामाचे परिणाम पुढे बांधकामालाही भोगावे लागले. ‘मऊ की मळी’ या नावाने ओळखला जाणारा मोठा कमानी पूल जुलै १८६७ मध्ये, मार्ग खुला होऊन पुरती पाच वर्षेही झाली नसताना, कोसळला. मजुराच्या जिवाबाबत बेफिकीर असलेली व्यवस्था कामाच्या दर्जाबाबतही फार काळ दक्ष राहू शकत नाही, असा निष्कर्ष यातून काढणे वावगे ठरू नये.

४. १८६० चा कायदा : कोणाचे संरक्षण?

घाटातील अशांततेनंतर कायदा झाला. परंतु तो मजुराच्या जीविताच्या रक्षणासाठी झाला नाही. १८६० चा नववा कायदा रेल्वे व इतर सार्वजनिक कामांवरील मालक-मजूर तंटे त्वरित निकाली काढण्यासाठी होता. थकलेल्या मजुरीबाबत दंडाधिकाऱ्याकडे दाद मागण्याची सोय त्यात होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याचबरोबर काम अर्धवट सोडून जाणे हा मजुराच्या बाबतीत शिक्षापात्र अपराध ठरला. पटकीची साथ आली असता पळून जाणे हा मजुराजवळचा जीव वाचवण्याचा एकमेव उपाय होता, हे लक्षात घेतले म्हणजे या तरतुदीचे गांभीर्य ध्यानी येते. हा कायदा शाही कामगार आयोगाच्या शिफारशीनंतर १९३२ मध्ये रद्द झाला.

अपघाती मृत्यूबाबत १८५५ चा तेरावा कायदा अस्तित्वात होता. दुसऱ्याच्या चुकीने मृत्यू झाल्यास मृताच्या कुटुंबाला दिवाणी दावा लावता येत असे. पण चूक कोणाची हे सिद्ध करण्याचा भार त्या कुटुंबावरच होता. मुकादमाकडून उचल घेऊन आलेल्या कुटुंबाने विधवा आणि मुलांसह मुंबईच्या न्यायालयात ठेकेदाराविरुद्ध उभे राहावे, ही अपेक्षाच अवास्तव होती.

५. गिरणी आणि बांधकाम : दोन वाटा

१८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालणे आणि अपघाताची खबर देणे या गोष्टी गिरण्यांपुरत्या तरी कायद्याच्या कक्षेत आणल्या. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० मध्ये साप्ताहिक सुटी मिळवून दिली. गिरणी कामगार एका छपराखाली, एका भोंग्यावर, वर्षानुवर्षे येत होता. त्याला एकत्र करणे शक्य झाले. बांधकाम मजुराचे कामच असे की, ते पूर्ण झाले की त्याची जागा नाहीशी होते. घाट पुरा झाला आणि ४२,००० माणसे पांगली. त्यांच्यातून संघटना उभी राहिली नाही आणि त्यांची बाजू मांडणारा प्रतिनिधीही निघाला नाही.

या संदर्भात महात्मा जोतीराव फुले यांचा उल्लेख आवश्यक ठरतो. जोतीराव स्वतः बांधकाम ठेकेदार होते. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचे धरण या कामांशी त्यांचा संबंध आला. ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथाला जोडलेल्या पद्यांत बांधकाम खात्यातील लुटालुटीवर त्यांनी प्रहार केला आहे. मजुराच्या हक्काचा पैसा मधल्यामध्ये कसा गडप होतो, हे त्यांनी ठेकेदाराच्या जागेवरून पाहिले आणि मजुराच्या बाजूने मांडले. भोर घाटातील उतरंडीवर मराठीतून झालेले हे जणू पहिले भाष्य होय.

चूक सिद्ध न करताही भरपाई मिळण्याचा हक्क १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने दिला. तो १ जुलै १९२४ पासून अमलात आला. परंतु भरपाई ही मृत्यूनंतरची गोष्ट आहे. मृत्यू टाळण्याचे बंधन बांधकाम व्यवसायावर घालणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा १९९६ मध्ये झाला. म्हणजेच गिरणीतील यंत्राला कुंपण घालण्याची सक्ती झाल्यानंतर परांचीला कठडा घालण्याची सक्ती होण्यास ११५ वर्षे लागली.

६. १९९६ नंतर

इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने शिरस्त्राण, परांची, जाळी, खोदकामाला आधार इत्यादी बाबी नियमांच्या कक्षेत आल्या. परंतु प्रस्तुत अभ्यासाच्या दृष्टीने त्यातील अधिक महत्त्वाच्या तरतुदी निराळ्या आहेत. कामाच्या जागी अथवा जवळ मजुरांना विनामूल्य तात्पुरता निवारा, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे आणि प्रथमोपचार पुरवणे हे मालकाचे कर्तव्य ठरले. वस्तीची जागा हीदेखील सुरक्षिततेचाच भाग आहे, हे या कायद्याने मान्य केले. भोर घाटाने जो धडा १८६० मध्ये दिला होता तो येथे अक्षरबद्ध झाला, असे म्हणता येईल.

मात्र कायदा अक्षरबद्ध होणे आणि आचरणात येणे यांत अंतर आहे. महाराष्ट्राचे नियम २००७ मध्ये आले आणि कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये स्थापन झाले. कामगारांच्या नावाने जमा झालेल्या उपकराची मोठी रक्कम खर्चाविना पडून असल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१८ च्या निकालात तीव्र नापसंती व्यक्त केली. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यातील कोंढवा येथे संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. ते कामावर नव्हते, झोपेत होते. १ ऑगस्ट २०२३ रोजी समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूर तालुक्यात तुळई बसवणारी अवजड यंत्रणा कोसळून २० जण दगावले. भोर घाटातील दोन्ही प्रकारचे मृत्यू, वस्तीतले आणि कामावरचे, आजही घडत आहेत.

२०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहितेत १९९६ च्या कायद्याचे विलीनीकरण झाले असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. २५० वा अधिक कामगार असलेल्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमणे त्यानुसार बंधनकारक आहे. तथापि, आपल्याकडील बहुसंख्य इमारती याहून कितीतरी कमी मजूर बांधतात, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

निष्कर्ष

१) भोर घाटातील मजुरांचे मृत्यू केवळ निसर्गाच्या दुर्गमतेमुळे अथवा अज्ञानामुळे झाले नाहीत. इंग्लंडमधील १८४६ च्या चौकशीमुळे धोका व उपाय दोन्ही ज्ञात होते.
२) मजुराची वस्ती ही कामाच्या जागेइतकीच, किंबहुना अधिक, धोकादायक ठरली. म्हणून सुरक्षिततेची व्याख्या शिरस्त्राण व दोरापुरती मर्यादित ठेवणे इतिहासाला धरून नाही.
३) पोटठेकेदारीच्या उतरंडीत जबाबदारी लोप पावते. मूळ काम करवून घेणाऱ्यावर ती कायद्याने निश्चित केल्याखेरीज खालच्या पायरीवरील उपाय अपुरे पडतात.
४) १८६० च्या कायद्याने शिस्तीला अग्रक्रम दिला, जीविताच्या रक्षणाचा स्वतंत्र विचार होण्यास १९९६ उजाडले.
५) मृत्यूची व अपघाताची नोंद ही सुरक्षिततेची पहिली पायरी आहे. जेथे नोंद नाही तेथे उत्तरदायित्व निर्माण होत नाही.

समारोप

घाटाच्या परिसरात शिंग्रोबा या धनगराची कथा सांगितली जाते. घाटाची वाट इंग्रजांना त्याने दाखवली आणि बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागितले, तेव्हा त्याला गोळी घालण्यात आली, असे लोक सांगतात. घाटात त्याचे मंदिर आहे आणि येणारे-जाणारे तेथे नाणे वाहतात. ही कथा लोकस्मृतीतील आहे. पण ज्या व्यवस्थेने हजारो मजुरांपैकी एकाचेही नाव लिहून ठेवले नाही, तिच्यासमोर लोकांनी आपल्यापुरते एक नाव जपून ठेवले, एवढे त्यातून निश्चित समजते. महाविद्यालयांच्या आवारात आज नव्या इमारती उभ्या राहत असतात. त्यांच्या कोनशिलेवर उद्घाटकाचे, वास्तुविशारदाचे आणि ठेकेदाराचे नाव असते. त्या इमारतीवर किती मजूर होते, ते कोठे राहत होते आणि सर्वजण धडधाकट परत गेले काय, एवढी नोंद जरी संस्थेच्या दप्तरी राहिली, तरी भोर घाटापासून आपण एक पाऊल पुढे आलो असे म्हणता येईल.